ताईसाठी केलेलं हलकं पान

प्रिय ताई,

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते. बाकीचं त्याच्या खाली.

१. दादा व्यसनमुक्ती केंद्रात राहून बरा झाला. त्याला घरी नेणार का, असं केंद्राने आपल्याला विचारलं.
२. आई, बाबा, काका, तू आणि मी अशा पाच जणांनी गुप्त मतदान करायचं ठरवलं. एक जरी 'नाही' पडलं तरी त्याला आणायचं नाही, असा नियम झाला.
३. मतदानाची वेबसाइट मी बनवली. तुझ्या बेटावरचं नेट मंद, म्हणून तुझ्यापुरतं एक वेगळं, हलकं पान बनवलं.
४. चार 'हो' आले. एक 'नाही' आलं.
५. दादाला घरी आणलं नाही. तो केंद्राच्याच वसतिगृहात राहिला आणि तिथल्या धुलाईघरात कामाला लागला.
६. ते 'नाही' माझं, असं सगळ्यांनी धरलं.
७. ते माझं नव्हतं.

हे पत्र नुसत्या अक्षरांचं आहे. फोटो नाही, जोडलेली फाइल नाही, खाली आपोआप चिकटणारं कंपनीचं बोधचिन्हसुद्धा काढून टाकलं आहे. तुमच्या हवामान केंद्रावरची ती एकुलती एक डिश, तिच्यावरून आधी वाऱ्याचे आणि पावसाचे आकडे जाणार, मग उरलंसुरलं तुम्हा माणसांना मिळणार, हे सगळं धरूनसुद्धा हे उघडायला वेळ लागणार नाही. 'अगं, उघडलंच नाही बघ' ही सोय या वेळी मी ठेवलेली नाही.

त्या नेटवर आपण किती हसलो आहोत. व्हिडिओवर तुझा चेहरा मध्येच थिजायचा आणि आई त्या थिजलेल्या चेहऱ्याशी बोलत बसायची. कशी गोड हसतेय बघ, म्हणायची. काका मागून ओरडायचे, वहिनी, ती हसत नाहीये, ती मघापासून 'हॅलो'तला 'हॅ' म्हणतेय. तुझे निरोपही तसेच एकेक करून यायचे. पान उघडतंय. गोल फिरतंय. चहा केला, फिरतंय. प्यायला, कप विसळला, अजून फिरतंय. एकदा तू कळवलंस की साधा बुटांचा नंबर बघायला बसले होते, तोवर समुद्राला भरती येऊन गेली. मी तुला दर वेळी सांगायची की पान येईना म्हणून पुन्हापुन्हा बटण दाबत जाऊ नकोस. प्रत्येक दाबण्यासरशी नवी मागणी जाते आणि आधीच्या मागणीच्या मागे रांगेत उभी राहते. तू म्हणायचीस, मग काय हाताची घडी घालून बसू? तुझा धीर कधी सुटायचा नाही, हे मात्र खरं. दुसरं कुणी असतं तर उठून गेलं असतं. तू दाबत राहायचीस.

मतदानाची कल्पना काकांची. कामगार संघटनेत आयुष्य काढल्यामुळे त्यांना घरातसुद्धा ठराव, अनुमोदन आणि कोरम लागतो. आम्ही सगळे त्या दिवशी टेबलाभोवती होतो, तू फोनवर ऐकत होतीस. पण तुझा आवाज मध्ये तुटला होता तेव्हा काय झालं ते तुला माहीत नाही. आई म्हणाली, विचारायचं काय त्यात, पोरगा आहे माझा. बाबांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनीच पाहिलं. मी हात टेबलाखाली घेतला नाही. मग बाबा म्हणाले की इथे कुणी तोंडावर 'नाही' म्हणालं तर त्या माणसाशी मला एका टेबलावर जेवता येणार नाही, आणि सगळे भीतीने 'हो' म्हणाले तर त्या घरात पोराला आणून उपयोग नाही. काका लगेच म्हणाले, अध्यक्षमहाराज, मग गुप्त मतदान! बाबा त्यांना म्हणाले, गप रे. पण ठरलं तेच. तेवढ्यात तुझा आवाज परत आला आणि तू रडत होतीस. माझा चिमण्या घरी आलाच पाहिजे, असं तू म्हणालीस. हे सगळ्यांनी ऐकलं. एवढं एक वाक्य त्या दिवशी न तुटता पोचलं.

आमच्या कंपनीत संस्थांच्या आणि संघटनांच्या निवडणुकांची सॉफ्टवेअर बनतात, हे तुला ढोबळमानाने माहीत आहे. घरबसल्या, लांबून, तरीही गुप्त मत कसं द्यायचं हा प्रश्न बाहेरून सोपा दिसतो. नुसतं लपवायचं असेल तर लपवता येतं. अडचण अशी की मत देणारा माणूस खराच आपल्यातला आहे हे कळलं पाहिजे आणि त्याने काय दिलं हे मात्र कळता कामा नये. त्यासाठी एकात एक दोन पाकिटं करतात. बाहेरच्यावर नाव, आतलं कोरं. दारात नाव तपासून बाहेरचं पाकीट फाडून टाकायचं आणि आतली कोरी पाकिटं एकत्र करून पिसायची. शिवाय मत हवं तितक्या वेळा बदलता यावं आणि शेवटचं तेवढंच धरावं. हे मी आईसाठी ठेवलं होतं. बाबा तिच्या खांद्यावरून पाहणार हे नक्की होतं. ते बाथरूममध्ये गेल्यावर तिला एकटीला काय वाटतं ते देता यावं. ती नंतर मला विचारत होती की मी दोनदा 'हो' दिलं तर दोन मोजतात का.

हे सगळं करणारं पान जड झालं. पाकिटं बांधायचं काम ते पान तुमच्याच फोनवर करतं, त्यामुळे आधी ते सगळं सामान तुमच्याकडे उतरावं लागतं. आमच्याकडे ते चटकन उतरायचं. तुझ्याकडे अर्ध्यात लटकायचं. तू कळवलंस, जाऊ दे गं, माझ्यावाचून करा. मी म्हटलं, तुझ्यावाचून कसं करणार? सुट्टीच्या दिवशी बसून तुझ्यासाठी वेगळं पान बनवलं. पांढरं, दोन ओळी, दोन दुवे. एक दाबला की 'हो'चं पान उघडायचं, दुसरा दाबला की 'नाही'चं. पाकीट बांधायचं काम मी माझ्या बाजूला घेतलं. त्या पानाचा पत्ता फक्त तुला पाठवला. मला वाटलं होतं, आपण बहिणीसाठी एक बरं काम केलं.

निकाल काकांनी वाचून दाखवला, उभं राहून. चार आणि एक. त्यानंतर कुणी कुणाकडे पाहिलं नाही, म्हणजे सगळ्यांनी मला न पाहण्याची काळजी घेतली. आई रात्रीची भांडी आवरताना माझ्याजवळ आली आणि म्हणाली, तुझं बरोबरच आहे गं बाळा. तिने माझा डावा हात हातात घेतला आणि जिथे दोन बोटं नाहीत तिथे पदर फिरवला, टेबल पुसावं तसा. मी न केलेल्या गोष्टीबद्दल तिने मला क्षमा केली. तुला कल्पना नसेल, अशा क्षमेचं काय करायचं असतं. ती परत देता येत नाही. मी 'माझं नव्हतं' म्हटलं असतं तर उरलेल्या चौघांत शोध सुरू झाला असता, आणि मी बनवलेल्या गुप्ततेची किंमत माझ्या एका वाक्याएवढी ठरली असती. म्हणून मी बोलले नाही. तेव्हापासून आई मला माझ्या आवडीचं करून वाढते आणि जेवताना माझ्यासमोर बसत नाही. बाबा कारखान्यातून येताना मला लाकडाच्या छोट्या वस्तू करून आणतात. मला वस्तू नको आहेत.

केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी मला फोनवर सांगितलं की दादाने निकाल शांतपणे ऐकला. म्हणाला, धाकटीचंच असणार ते. तिचा हक्कच आहे.

आणि तू. निकालानंतर तू मला एकटीला फोन केलास. त्या दिवशी लाइन अगदी स्वच्छ होती. तू म्हणालीस, हे बघ, मी तुला मुळीच दोष देत नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. मी तुला 'थँक्यू' म्हटलं. आठवतं?

मी शोध घ्यायला गेले नव्हते. काम संपलं की सर्व्हर पुसून टाकायचा असतो, तो पुसायला बसले होते. कुठलाही सर्व्हर, कुणी सांगितलं नाही तरी, कुठलं पान किती वेळा मागितलं गेलं ते मोजत राहतो. जड पानाच्या मोजणीतून काहीही कळत नव्हतं. तिथे सगळ्यांचं एकच पान होतं आणि निवड पाकिटाच्या आत होती. तुझ्याकडे मात्र दोन पानं होती आणि त्या दाराने येणारी तू एकटी होतीस. चूक माझ्या आखणीतली आहे आणि ती पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही करू नये अशी आहे. मत गुप्त राहायला सोबत लागते. एकट्याचं मत कितीही गुंडाळलं तरी ते त्याचंच असतं. मी तुझ्यावर माया केली आणि त्या मायेत तुला चौघांतून वेगळं काढून उजेडात उभं केलं.

'हो'चं पान एकदाही मागितलं गेलेलं नव्हतं. 'नाही'चं पान अकरा वेळा.

एकदा असतं तर मी म्हटलं असतं, बोट चुकलं. छोटा स्क्रीन, दोन दुवे जवळजवळ, घसरलं असेल. पण तू दाबलंस, ते उघडेना. तू थांबलीस. पुन्हा दाबलंस. चहा करून आली असशील, कप विसळला असशील. पुन्हा दाबलंस. सगळी संध्याकाळ तुझं ते रडकं नेट तुला एकेका दाबण्यानंतर सांगत होतं की अजून काही झालेलं नाही, अजून बदलता येईल, वरचा दुवा बोटभर अंतरावर आहे. आमच्यापैकी कुणाला एवढी सवड मिळाली नाही. आमचं मत आम्ही श्वास सोडायच्या आत निघून गेलं. तुला अकरा वेळा विचारलं गेलं आणि अकरा वेळा तू तेच उत्तर दिलंस. इतका ठाम निर्णय मी आपल्या घरात आजवर कुणाचा पाहिला नाही. मला तुझं कौतुकच वाटलं असतं, तू तो तोंडाने बोलली असतीस तर.

आता तू काय लिहिशील ते मला ठाऊक आहे, म्हणून ते आधीच खोडते. 'तुझ्यासाठीच दिलं गं' असं लिहू नकोस. त्या दुपारी बाबांच्या कारखान्यातल्या करवतीत ढलपी अडकली होती, मशीन बंद होतं, मी ती काढत होते आणि दादा पिऊन आला आणि त्याने भिंतीवरचं बटण लावलं. हात माझा होता. तू पुढच्या बोटीने आलीस, आठवडाभर राहिलीस, माझे केस धुतलेस, वेण्या घातल्यास, मला भरवलंस. ते मी विसरलेले नाही आणि त्याची पावती म्हणून मी तुला माझं मत देऊन टाकलेलं नाही. माझ्या वतीने नकार द्यायला मी होते की. घरात, जिवंत, आणि मत द्यायला पुरेशी बोटं शिल्लक असलेली.

मी 'हो' दिलं होतं. यावरून मला चांगलं समजू नकोस. मला तो रोज समोर बसायला हवा होता. मी पाव कसा धरते, बाटलीचं झाकण कसं उघडते, बटणं लावायला मला किती वेळ लागतो, ते त्याने शुद्धीत असताना, सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं पाहायला हवं होतं. त्याच्याशी मी नीट वागले असते. त्याला मीठ हवं असेल तर याच हाताने दिलं असतं. तुझं 'नाही' माझ्या 'हो'पेक्षा जास्त दयाळू होतं, हेही मला कळतं. तू त्याला या सगळ्यातून सोडवलंस. फक्त त्याला वाटतं, मी अडकवलं.

तुझी कारणं मला नको आहेत. ती असतील. त्याच्या धाकाने तू पहिल्यांदा घर सोडून इतक्या लांबची नोकरी घेतलीस असं काकू होती तेव्हा एकदा म्हणाली होती आणि काकांनी तिला डोळ्यांनी गप्प केलं होतं. तेव्हा मी लहान होते. तसं असेल तर तुझा हक्क माझ्याएवढाच होता. 'नाही' म्हटल्याबद्दल मी तुझ्याकडे काहीही मागत नाहीये. स्वतः 'नाही' म्हणून मग मला फोन करून माझं सांत्वन केलंस, त्याबद्दल बोलते आहे. तो फोन करायला तुला कुणी सांगितलं नव्हतं. मंद नेटला आपण इतकी वर्षं शिव्या घातल्या, पण ते बिचारं निदान खोटं बोलत नाही. पोचलं नाही तर पोचलं नाही म्हणतं.

सर्व्हर मी पुसला. त्या मोजणीची प्रत ठेवलेली नाही. आईबाबांना, काकांना काहीही सांगितलेलं नाही, आणि ही धमकी म्हणून लिहीत नाही. मी हे मनात ठेवून जगू शकले असते. मला ते जमतं, तुम्ही सगळे मला थंड म्हणता ते काही चूक नाही.

लिहायचं कारण वेगळं आहे. परवा दादाचा फोन आला. अपघातानंतर त्याने मला केलेला हा पहिला फोन. माफी मागितली नाही, ते बरं केलं. त्याचा वसतिगृहातला मुक्काम संपतोय. त्याने कागदोपत्री जबाबदार नातेवाईक म्हणून तुझं नाव दिलं आहे. तो म्हणाला, घरात माझ्या बाजूने कोण होतं ते मला ओरडून सांगायची गरज नाही, ताई फोनवर रडली होती हे आईने सांगितलं मला. तो शनिवारच्या बोटीने तुझ्याकडे येतोय, कायमचा. तुमच्या केंद्रावर पडेल ते काम करीन म्हणतो, डिशचे खांब रंगवीन म्हणतो. तुला आधी कळवायचं नाही, दारात उभं राहून चकित करायचं, असा त्याचा बेत आहे, आणि बोटीची वेबसाइट त्याच्या फोनवर उघडत नाही म्हणून तिकीट मी काढून द्यावं अशी त्याची विनंती आहे. बोलताना तो आनंदात होता. त्याचा आवाज मी इतका आनंदी कधी ऐकला नव्हता आणि तो आनंद तुझ्या मतावर उभा आहे. मी अजून तिकीट काढलेलं नाही. बोट सुटली की पुढची आठवड्याने, म्हणजे तू त्याला दारातून परत पाठवायचं म्हटलंस तरी त्याला आठवडाभर तिथेच, तुझ्यासमोर, ते कळून राहावं लागेल. ते मी होऊ देणार नाही. तू त्याला ठेवून घेणार असशील तर तसं मला लिही. मी तिकीट काढीन आणि ते 'नाही' माझंच म्हणून मरेपर्यंत चालवीन. ठेवून घेणार नसशील तर त्याला तू स्वतः फोन कर आणि तुझ्या तोंडाने सांग. दोन्हीपैकी काही झालं नाही तर मी त्याला सगळं सांगेन, जसं वर लिहिलं आहे तसं, क्रमाने. गुरुवारी संध्याकाळपर्यंत मला उत्तर पाठव.

तुझीच,
धाकटी